मानसरोवर ते मस्जिद: बिनखाणीचं सोनं

कामोठ्यात सोनं पिकत नाही, खपतं मात्र दणक्यात. सेक्टरच्या कुठल्याही मोठ्या रस्त्यावर उभं राहा. औषधाचं दुकान, वडापावची गाडी, फ्लॅटच्या एजंटचं ऑफिस आणि सराफाची पेढी हा क्रम सहसा चुकत नाही. वस्ती बरीचशी घाटावरची. साताऱ्या-सांगलीकडून, कोल्हापूरकडून आलेली आणि सिडकोच्या भूखंडांवरच्या इमारतींत रुळलेली. लग्नसराईत पेढ्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या गर्दीत नवं घ्यायला आलेल्यांच्या बरोबरीनं जुनं मोडायला आलेलीही माणसं असतात. आईची पाटली, आजीची बोरमाळ, जोडीतलं एक हरवलं म्हणून निरुपयोगी झालेलं कानातलं. काट्यावर मोड ठेवली जाते, घट धरून भाव लावला जातो, पावती होते. इथवरची गोष्ट घराघरांत माहीत आहे. ती मोड पुढे कुठे जाते, हे मात्र कुणी विचारत नाही. मी तिच्या मागावर निघालो. वाट अवघड नव्हती. मानसरोवर स्टेशनात सीएसएमटीची लोकल पकडायची आणि मस्जिदला उतरायचं.

स्टेशनात शिरण्याआधी एक गोष्ट कामोठ्यातच पाहण्यासारखी आहे. सायन-पनवेल महामार्गालगत एमजीएमचं रुग्णालय आहे, त्याच्या आसऱ्यानं दवाखाने आणि तपासणी केंद्रं वाढलेली. या भागातल्या भंगारवाल्याकडे रद्दीचा भाव वेगळा आणि जुन्या एक्स-रे फिल्मचा वेगळा. कारण फिल्मवरचा काळा रंग म्हणजे चांदी. प्लॅस्टिकवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे कण. क्ष-किरण लागलेल्या कणांची धुलाईत शुद्ध चांदी होते, ती काळी दिसते. न लागलेले कण हायपोच्या पाण्यात विरघळून निघून जातात. म्हणजे हाड मोडलेल्या माणसाच्या फोटोत थोडी चांदी राहते आणि बाकीची धुण्याच्या पाण्यात. पूर्वी एक्स-रेवाले ते पाणीसुद्धा फुकट देत नसत. हल्ली तपासण्या संगणकावर गेल्या, फिल्मा कमी झाल्या आणि भंगारवाल्यांचा हा जोडधंदाही आटला.

गाडी खारघरकडे सुटली की उजव्या हाताला डोंगर दिसू लागतो. पावसाळ्यात त्यावर धबधबे असतात, एरवी नुसता काळा दगड. हा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि आजच्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यांच्याखाली गेला. लेणी कोरायला, किल्ले बांधायला, काळी माती द्यायला हा दगड उत्तम. सोन्याच्या बाबतीत मात्र हात वर करतो. आपल्या देशातलं सोनं सापडतं ते याच्या कितीतरी पट जुन्या, अडीचशे कोटी वर्षांपलीकडच्या खडकांत. त्यांच्या भेगांतून तापलेलं पाणी फिरलं आणि गारेच्या शिरांमध्ये सोनं मागे ठेवून गेलं. कर्नाटकातल्या कोलार आणि हट्टीच्या खाणी अशा पट्ट्यांतल्या. कोलारला जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीनं १८८० साली हात घातला, खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २००१मध्ये बंद पडली. रायचूर जिल्ह्यातली हट्टी चालू आहे. तिचं उत्पादन वर्षाला एक-दोन टनांच्या घरातलं, आणि देश वर्षाला सोनं घेतो सात-आठशे टन. आपल्याकडे नागपूर-भंडाऱ्याच्या बाजूला जुन्या खडकांत सोन्याचे अंश सापडले आहेत, पण चालती खाण महाराष्ट्रात एकही नाही.

खाणीतलं सोनं काढायची रीत थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढे झवेरी बाजारात जे दिसेल त्याचा फरक कळेल. टनभर दगडात पाच-सहा ग्रॅम सोनं असलं तरी खाणवाले खूश असतात. दगड दळून त्याचं बारीक पीठ करतात आणि सोडियम सायनाइडच्या अगदी पातळ द्रावणात हवा सोडत घुसळत ठेवतात. एकटं सायनाइड सोन्याचं काही करू शकत नाही. हवेतला ऑक्सिजन जोडीला आला की सोनं विरघळतं. मग त्या द्रावणात जस्ताची पूड टाकायची. जस्त विरघळतं आणि सोनं बाहेर पडतं. किंवा कोळशाच्या दाण्यांवर सोनं चिकटवून घ्यायचं. ग्लासगोच्या जॉन मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी १८८७ साली या कृतीचं पेटंट घेतलं आणि ज्या दगडाकडे तोवर कुणी बघत नव्हतं त्यातूनही सोनं निघू लागलं. बदल्यात सायनाइड मिसळलेल्या मातीचे डोंगर तयार झाले. कोलारला ते अजून उभे आहेत.

चांदी बहुधा दुसऱ्याच्या घरात राहते. भारतातली खाणीतली चांदी प्रामुख्यानं राजस्थानातल्या शिसं-जस्ताच्या खनिजांबरोबर मिळते. शिशातली चांदी वेगळी करायची एक जुनी युक्ती मला फार आवडते. अलेक्झांडर पार्क्स नावाच्या इंग्रजानं ती १८५० साली काढली. वितळलेल्या शिशात जस्त टाकायचं. हे दोघे एकमेकांत मिसळत नाहीत, आणि चांदीला शिशापेक्षा जस्ताची सोबत जास्त मानवते. जस्त हलकं असल्यामुळे वर येतं ते चांदीला बरोबर घेऊनच. वरचा थर काढून तापवला की जस्ताची वाफ होते आणि चांदी मागे राहते. आकडेमोड न करता, नुसतं कोण कुणाजवळ जातो एवढं ओळखून केलेलं हे काम आहे.

वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्द, गोवंडी. इथून कुर्ल्यापर्यंत रुळांच्या आसपास भंगाराचा मोठा कारभार चालतो. त्यात जुने संगणक आणि मोबाइलही येतात. विजेच्या जोडण्यांवर सोन्याचा मुलामा देतात तो दिमाखासाठी नसतो. वीज वाहून नेण्यात चांदी सगळ्या धातूंच्या पुढे आहे, तांबं दुसरं, सोनं तिसरं. पण तांब्याला कळंक चढतो, हवेतल्या गंधकामुळे चांदी काळी पडते. सोनं आहे तसंच राहतं, म्हणून जोडणी वर्षानुवर्षं खात्रीची. टनभर जुन्या मोबाइलमध्ये निघणारं सोनं शेकड्यानं ग्रॅम मोजावं लागतं, खनिजाच्या कितीतरी पट. हे काम नीट करणारे परवानाधारक कारखाने आहेत, ई-कचऱ्याचे नियमही २०१२पासून लागू आहेत. तरीही गल्लीबोळात उघड्यावर वायरी जाळून आणि बोर्ड तेजाबात बुडवून धातू काढणारे हात कमी झालेले नाहीत. त्या धुरात शिसं असतं, प्लॅस्टिकच्या जळण्यातून निघणारी विषं असतात, आणि बाजूला पोरं खेळत असतात. शहरातली खाण म्हणून या धंद्याचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा तिथे तासभर उभं राहून बघावं.

मस्जिद स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की हातगाड्या आणि हमालांच्या गर्दीतून मोहम्मद अली रोड ओलांडायचा, अब्दुल रहमान स्ट्रीट मागे टाकायची आणि मुंबादेवीच्या दिशेनं चालत राहायचं. शेख मेमन स्ट्रीटला लागलं की झवेरी बाजार आला. दर्शनी भागात काचा, दिवे, सुरक्षारक्षक. त्याला लागूनच्या गल्ल्यांत मात्र जुन्या लाकडी जिन्यांच्या चाळी, आणि वरच्या मजल्यांवर कारखाने. एकेका खोलीत दहा-बारा कारागीर मांडी घालून बसलेले, बहुतेक बंगालचे. समोर बुटका पाट, त्याच्या कडेला किस झेलण्यासाठी कातड्याची झोळी. इथे कुणी उठून चपला घालून सरळ घरी जात नाही. कपडे झटकायचे, हात धुवायचे, ते पाणीसुद्धा पिंपात साठवायचं. एक ग्रॅम सोनं ठोकून चौरस मीटरभर पत्रा होतो, ओढून दोनेक किलोमीटरची तार होते. इतका मऊ धातू घासताना उडणारच, आणि उडालेल्या कणाला किंमत आहे.

मोडीचा पहिला मुक्काम हॉलमार्किंगच्या केंद्राजवळच पाहायला मिळाला. १६ जून २०२१पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३पासून सहा अक्षर-आकड्यांच्या ओळखक्रमांकाशिवाय दागिना विकता येत नाही. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, बावीस कॅरेट. क्ष-किरणांच्या यंत्राखाली दागिना धरला की मिनिटाभरात आकडे येतात, पण ते यंत्र वरवरचं बघतं. खरा निवाडा आगीतच होतो. दागिन्यातून पाव ग्रॅमच्या आसपास तुकडा काढतात, अगदी अचूक तोलतात, त्यात अडीचपट चांदी घालतात आणि शिशाच्या पातळ पत्र्यात त्याची पुडी बांधतात. हाडांच्या राखेची किंवा मॅग्नेशियाची एक छोटी वाटी भट्टीत हजार अंशांवर तापलेली असते, तीत ही पुडी सोडायची. शिसं वितळतं, हवेशी संयोग पावतं आणि तांब्यासारख्या हलक्या धातूंना सोबत घेऊन वाटीच्या अंगात मुरतं. वर राहतो सोन्या-चांदीचा एक चकचकीत मणी. तो ठोकून चपटा करतात, लाटून पट्टी करतात, गुंडाळी करतात आणि नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी निघून जाते. उरलेली गुंडाळी भाजली की सोन्याचा रंग येतो, आणि तिचं वजन म्हणजे कस. हजारो वर्षांची ही कृती. सरकारी मानकानं तीच ठेवली आहे, यंत्रं येऊनसुद्धा.

मी ज्यांना शोधत होतो ते मात्र गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव आणि साताऱ्यातल्या माण-खटाव या कोरड्या पट्ट्यातली माणसं. पाऊस पाठ फिरवायचा, शेतीत भागायचं नाही, म्हणून बाहेर पडली आणि जुनं सोनं-चांदी विकत घेऊन, गाळून, शुद्ध करून विकण्याच्या धंद्यात शिरली. १९७२च्या दुष्काळानं हा ओघ वाढवला. आज केरळ-तामिळनाडूपासून पंजाब-बंगालपर्यंत कुठल्याही जिल्ह्याच्या सराफ बाजारात गेलात तर एखाद्या बोळात भट्टीसमोर बसलेला माणूस विट्याकडचं मराठी बोलताना सापडतो. कामोठ्यातल्या ओळखीतून अशाच एका गलाईवाल्याचा पत्ता मिळाला होता. तिसऱ्या मजल्यावरची खोली, भिंतीला धुराचा पंखा, कोपऱ्यात विठोबाची तसबीर. सगळे त्यांना आबा म्हणतात.

"कामोठ्यास्नं आलाय? आमची थोरली ल्येक तिथंच हाय की, सेक्टर सहाला," म्हणत त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. पर हाताला काय लावू नगा. हितं पाण्यावानी दिसतंय ते पानी नसतंय."

काम सुरूच होतं. उपनगरातल्या एका सराफाची मोड आली होती. वजन झालं, कच्ची चिठ्ठी झाली. मोड मुशीत पडली, वर चिमूटभर सवागी. सवागी वितळून काचेसारखी होते, तांब्याची ऑक्साइडं आणि मळ आपल्यात ओढून घेते आणि खालचा धातू स्वच्छ सोडते. सोनं १०६४ अंशांना वितळतं, चांदी ९६२च्या आसपास, तांबं १०८५ला. आबांच्या भट्टीला अंश दाखवणारं मीटर आहे, पण ते मुशीतला रंग बघत होते. एका दागिन्याच्या जोडावर त्यांनी चिमटा टेकवला आणि म्हणाले, "ह्यो केडीएमचा." जोडकामात कॅडमियम वापरलेल्या सोन्याला बाजारात हे नाव पडलं. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं. म्हणजे सोनं वितळायच्या कितीतरी आधी त्याची वाफ होते, आणि ती वाफ मूत्रपिंडाला आणि फुप्फुसाला घातक. आबांनी पंखा वाढवला आणि हाताखालच्या पोराला दाराकडे उभं केलं.

पुढचा टप्पा पाहिल्याशिवाय पटत नाही. सोनं शुद्ध करायचं म्हणून आधी ते अशुद्ध करतात. सोन्यात चांदी-तांबं थोडं असेल तर नायट्रिक आम्ल, बाजाराच्या भाषेत तेजाब, आतपर्यंत पोचत नाही. बाहेरच्या सोन्याचं कवच त्याला अडवतं. म्हणून सोनं एक भाग आणि बाकीचं तीन भाग असं प्रमाण करावं लागतं. दहा ग्रॅमच्या बावीस कॅरेट दागिन्यात नऊ ग्रॅमहून थोडं अधिक सोनं, म्हणजे आणखी सत्तावीसेक ग्रॅम चांदी-तांबं घालायचं. मूस पुन्हा लाल झाली. आबांनी ती चिमट्यानं उचलली आणि बारीक धारेनं पाण्याच्या बादलीत ओतली. चर्रर्र आवाज झाला आणि तळाशी वेडेवाकडे पोकळ दाणे जमले. दाणे जितके पातळ तितकं तेजाबाचं काम सोपं.

दाणे काचेच्या भांड्यात, वर तेजाब, खाली मंद आच. लगेच तांबूस-तपकिरी धूर उठला. हा नायट्रोजन डायऑक्साइड. त्याचा दगा असा की हुंगल्याबरोबर थोडा ठसका लागतो, माणूस दुर्लक्ष करतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. आबांच्या मुलानं धूर ओढून पाण्यात-खारात धुणारी यंत्रणा बसवली आहे. सगळ्यांकडे ती नसते. वस्तीतल्या या चिमण्यांवरून रहिवाशांच्या तक्रारी आणि पालिकेच्या कारवाया वर्षानुवर्षं चालू आहेत. माझं मत विचाराल तर रहिवाशांची बाजू खरी आहे. गलाईची वाखाणणी करताना तिचा धूर कोणाच्या घरात जातो हे विसरून चालणार नाही, आणि सगळ्यात आधी तो जातो तो गाळणाऱ्याच्याच छातीत.

धूर विरळ झाल्यावर भांड्यात हिरवट निळं पाणी आणि तळाशी तपकिरी गाळ. हे चोवीस कॅरेट सोनं आहे, यावर विश्वास बसत नाही; गाळून काढलेल्या चहाचा चोथा वाटावा असा तो दिसतो. गरम पाण्यानं तो धूत राहायचं, धुतलेल्या पाण्यात मिठाचं पाणी टाकून पाहायचं. चांदीचा अंश उरला असेल तर पांढरा साका धरतो. साका दिसेनासा झाला की गाळ वाळवायचा, सवागी आणि चिमूटभर सोरा घालून पुन्हा मुशीत. वितळताना एक क्षण येतो तेव्हा तपकिरीपणा पुसला जातो आणि मुशीच्या तळाशी हिरवट झाक असलेला पिवळा गोळा फिरू लागतो. लगडीत ओतला, थंड झाला, पाण्यात पडला. आबांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. चिमुकली वडी, पण हात खाली गेला. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, चांदीची साडेदहा. हातावर घेतल्याशिवाय हे आकडे नुसते आकडे राहतात.

दुसरी वाट आम्लराजाची. नायट्रिक एक भाग, हायड्रोक्लोरिक तीन. एकेकट्याला न जमणारं काम दोघं मिळून करतात आणि सोनंच विरघळवतात. चांदी मात्र पांढरा क्लोराइड होऊन तळाशी बसते. मग गाळलेल्या पिवळ्या पाण्यात हिराकस टाकली की सोनं परत खाली येतं. चांदी कमी असलेल्या मोडीला ही रीत सोयीची. मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांत वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन वायू सोडतात. सिडनीच्या टांकसाळीत फ्रान्सिस मिलरनं १८६७ साली ती पद्धत काढली. चांदी-तांब्याचे क्लोराइड होऊन वेगळे होतात, सोनं क्लोरीनला दाद देत नाही, आणि हजारात ९९५पर्यंतचा कस मिळतो. त्यापुढचा ९९९.९ हवा असेल तर विजेच्या पेटीत सोन्याचं पान टांगून दुसऱ्या पानावर ते कणाकणानं चढवावं लागतं.

आता ते निळं-हिरवं पाणी. त्यात चांदी आहे. आबांनी तांब्याची पट्टी दोरीनं बांधून आत सोडली. बघता बघता पट्टीवर राखाडी केसाळ थर वाढू लागला आणि गळून खाली पडू लागला. पाणी आणखी निळं झालं. तांबं चांदीपेक्षा आम्लाच्या जास्त आहारी जाणारं, म्हणून ते विरघळतं आणि चांदीला जागा सोडायला लावतं. दहावीच्या पुस्तकातली धातूंची क्रियाशीलता श्रेणी इथे दोरीला टांगलेली असते. चांदी काढून घेतली की त्याच निळ्या पाण्यात लोखंडाचे तुकडे टाकतात आणि मग तांबं बाहेर येतं. दहावी न झालेल्या आबांना लोखंड, तांबं, चांदी, सोनं ही उतरंड पाठ करावी लागली नाही.

चांदी गाळताना एक गंमत घडते, ती मला फार दिवसांपासून बघायची होती. वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन भरमसाट पिते, आपल्या आकारमानाच्या वीसेक पट. घट्ट होताना तिला तो सांभाळता येत नाही. वरची साल धरलेली असते, आतला वायू ती फोडून बाहेर पडतो, आणि चांदीचे थेंब उडतात. "थुकती ती," आबा म्हणाले आणि मुशीवर कोळशाची पूड पसरली. कोळसा ऑक्सिजन खाऊन टाकतो, चांदी शांत होते. सोनं हा चाळा करत नाही.

चांदीच्या ढिगात जुने रुपयेही होते. राणी छाप, राजा छाप. आबा नुसत्या वाजवण्यावरून ते वेगळे करत होते. १९४०च्या आधीच्या रुपयात जवळपास ९२ टक्के चांदी. त्यानंतर महायुद्धाच्या ओढगस्तीत सरकारनं ती निम्म्यावर आणली, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. १९४७मध्ये रुपयातून चांदी पुरती गेली. हे रुपये ज्या टांकसाळींत पडले त्यातली एक इथून चालत जाण्याइतकी जवळ, फोर्टात, रिझर्व्ह बँकेच्या समोर. १८२०च्या दशकातली ती खांबांची इमारत आज सरकारी महामंडळाच्या ताब्यात आहे आणि आत जायला परवाना लागतो. तिच्या इतिहासातला एक छोटा तुकडा फारसा कुणाला ठाऊक नसतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८मध्ये, लंडनच्या रॉयल मिंटची शाखा तिथे काही महिने चालली आणि सुमारे तेरा लाख सोन्याचे सॉव्हरिन पाडले गेले. नाण्यावर मुंबईची खूण म्हणून फक्त रोमन लिपीतला 'आय'. संग्राहक ते वेगळ्या भावानं घेतात. आबांच्या काट्यावर तो सुमारे आठ ग्रॅम, बावीस कॅरेट, बस्स.

"मंग गावाकडं आता पाणी आलंय म्हणत्यात," मी विचारलं. टेंभू योजनेचं पाणी खानापूर-आटपाडीकडे पोचल्यापासून तिकडे द्राक्षं-डाळिंबं उभी राहिली आहेत.

"आलं की. धाकटा भाऊ बगतोय बाग. तीस वर्सं आदी आलं असतं तर म्या कशाला तेजाब हुंगलं असतं?" आणि जरा थांबून, "पर खरं सांगू का, बागंत करमत न्हाई मला. मोड आली का बरं वाटतं."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. धूळ घेणारा आला होता. मराठी मुलखात या लोकांना झारेकरी म्हणत, गुजरातीत धूळधोये. कारखान्यांतला केर, भट्टीची राख, फुटक्या मुशी, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, जुनी सतरंजी, पाटाखालची लाकडी फळीसुद्धा हे विकत घेतात. केर आधी जाळायचा, राख दळायची, लोहचुंबक फिरवून कानशीचा लोखंडी भुसा काढायचा आणि मग पसरट पात्रात पाण्यानं डोलवायची. वाळू पाण्याच्या अडीचपट जड, सोनं एकोणीसपट. हलकं वाहून जातं, जड तळाशी राहतं. तळाच्या गाळात पारा घोळला की सोन्याचे कण त्याला बिलगतात. फडक्यातून पिळून जादा पारा काढायचा आणि उरलेला गोळा तापवायचा. पारा उडून जातो, जातो तो कुठेतरी कुणाच्या तरी नाकातच. जाणते लोक आता पारा टाळून मुरदाडशिंग घालून राख वितळवतात. शिशाच्या थेंबांत सोनं-चांदी गोळा होते आणि मग शिसं जाळून ती मोकळी करतात. हॉलमार्किंग केंद्रातल्या वाटीचीच ही मोठी बहीण म्हणायची. गटारातला गाळ उपसून धुणारेही आहेत, पण ते काम रात्रीचं आणि नशिबाचं.

आलेल्या माणसानं पोत्यात हात घातला, मूठभर राख बोटांवर चोळली, उजेडाकडे धरली. यंत्र नाही, कसोटीचा दगड नाही. पोत्यात किती सोनं आहे हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी भाव ठरायचा होता.

"अवं, ह्यात निम्मा कोळसाच दिसतोय, आबा."

"कोळसा आसंल, पर कुनाच्या भट्टीचा हाय? गेल्या येळचं काय निगालं त्ये सांग की."

त्यानं सांगितलं नाही, हसला. आबांनी आकडा टाकला, त्यानं तो निम्मा केला. मग मुशीचे तुकडे वेगळे ठेवायचे की पोत्यातच, यावर बराच वेळ गेला. फुटक्या मुशीच्या मातीत सोन्याचे थेंब रुतून बसतात आणि ती दळायला वेळ लागतो. शेवटी मुशी पोत्यात गेल्या, आकडा मधल्यापेक्षा थोडा आबांच्या बाजूला सरकला, नोटा मोजून झाल्या. पोरानं पोतं उचललं तेव्हा आबांनी त्याला थांबवलं, पोत्याखालची फरशी कुंच्यानं झाडून घेतली आणि तो केर नव्या डब्यात टाकून डब्याचं झाकण लावलं.